मृगाच्या आत परत यायचंय, तरी केदारनाथला घाई नको

तेल्हारा तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय. गावातली सोळा मंडळी मे महिन्याच्या शेवटी केदारनाथला निघतायत. त्यात सहा-सात जण साठीच्या पुढचे, दोघांना बीपी, एका काकूंना शुगर. बाकीच्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी पाच पोरं, त्यांना केदारनाथच्याही वर वासुकी तालापर्यंत ट्रेक करायचाय. हरिद्वारला उतरलं की दुसऱ्या दिवशी सोनप्रयाग, तिसऱ्या दिवशी चढून वर मुक्काम, चौथ्या दिवशी पोरांचा ट्रेक आणि पाचव्या दिवशी सगळे खाली, असा बेत. मृग लागायच्या आत घरी यायचं म्हणून ही धावपळ. प्रश्न तीन आहेत: उंचीच्या त्रासासाठी गोळी घ्यायची का, कापूर हुंगून भागतं का, आणि त्रास झालाच तर ओळखायचा कसा.

मी अकोटकडे दवाखाना चालवतो आणि यात्रेच्या, ट्रेकच्या गटांसोबत डॉक्टर म्हणून जात असतो. तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी बेताबद्दल बोलू, कारण हा बेत असाच राहिला तर गोळी आणि कापूर दोन्ही फार उपयोगाचे नाहीत.

आपला अकोट-तेल्हाऱ्याचा सपाट भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. चिखलदरा ११०० मीटरच्या थोडं वर. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते १६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे नरनाळा किल्ल्यावर दर रविवारी चढून जा नाहीतर कळसूबाई दिवसातून दोनदा करा, पाय तयार होतील, दम वाढेल, पण या त्रासाची तयारी इथं होतच नाही. केदारनाथ आहे ३५८३ मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असल्यानं एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्या दोन-तृतीयांशावर येतो.

शरीर याच्याशी जुळवून घेतं, फक्त त्याला वेळ लागतो. वर गेल्याबरोबर श्वास वाढतो. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कधर्मी बनतं आणि मेंदू म्हणतो, पुरे, एवढा श्वास नको. नेमकं रात्री झोपेत हे जास्त जाणवतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट नावाचा जास्तीचा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात तेव्हा कुठं श्वास मोकळा होतो, आणि या कामाला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस तुमच्या बेतात नाहीत.

भारतीय लष्करानं ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकली. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान थेट उंचीवर पोचवले गेले आणि लढाईआधीच आजारी पडले. त्या काळातल्या १९२५ जवानांच्या नोंदींवरून आपल्याच लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही या विषयातला पायाभूत मानतात. ते सगळे निवडून घेतलेले धडधाकट जवान होते. आजही लष्कर ९००० ते १२००० फुटांच्या टप्प्यात ६ दिवस, त्यापुढे १५००० फुटांपर्यंत ४ दिवस आणि त्याच्याही वर आणखी ४ दिवस थांबवून मगच माणसाला कामाला लावतं.

म्हणून भरतीवाल्या पोरांना पहिल्यांदा सांगतो. सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत काढता, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण तंदुरुस्ती उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही. उलट अशी पोरं सगळ्यांच्या आधी, धापा टाकत, पैजा लावत वर पोचतात, दुपारी बर्फात धिंगाणा घालतात आणि रात्री डोकं धरून बसतात. पहिल्या दिवशी अंग फार दमवलं की त्रासाची शक्यता वाढते. घोड्यावर बसून सावकाश आलेल्या आजोबांना काही झालं नाही आणि नातवाला उलट्या, हे दृश्य वर नेहमीचं आहे. तसंच शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत महिनाभर पायी चालणाऱ्या मंडळींचं. "मले काई होत नाई, मी दरवर्षी वारी करतो." वारी होते, कारण वारीची वाट सपाटीची आहे.

आता बेत. नियम सोपा आहे: ३००० मीटरच्या पुढे गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. महत्त्व झोपायच्या उंचीला आहे. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, उलट त्यानं फायदाच होतो. केदारनाथला हा नियम तंतोतंत पाळणं अवघड आहे, कारण गौरीकुंड १९८० मीटरच्या आसपास आणि मंदिर ३५८३ वर. सोळा किलोमीटरच्या एका चढणीत सोळाशे मीटर. तरीही बरंच करता येतं.

मी असतो तर असं करीन. हरिद्वारहून निघून पहिला मुक्काम उखीमठ किंवा गुप्तकाशीला, १३०० मीटरच्या आसपास. मग चोपत्याला दोन रात्री. चोपता २६००-२७०० मीटरवर आहे, गाडी जाते. तिथून तुंगनाथ तीन-चार किलोमीटर, ३६८० मीटर, म्हणजे केदारनाथपेक्षा थोडं उंचच. मधल्या दिवशी ज्यांना झेपेल त्यांनी तुंगनाथाचं दर्शन घ्यावं आणि झोपायला खाली चोपत्याला यावं. पंचकेदारातलं एक दर्शन होतं आणि शरीराला इशारा मिळतो. कोणाला त्रास होणार असेल तर तो इथं, गाडीरस्त्याच्या काठावर कळतो, सोळा किलोमीटर चालून गेल्यावर नाही. मग गौरीकुंडला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढण. म्हातारी मंडळी वाटेत लिंचौलीकडे मुक्कामाची सोय होत असेल तर तिथं थांबून चढण दोन दिवसांत करू शकतात. त्या वर्षी तिथं काय सोय आहे याची चौकशी मात्र सोनप्रयागलाच करून घ्यावी. वर पोचल्यावर लगेच पांघरुणात शिरू नका. तासभर टेकून संध्याकाळी भैरवनाथाच्या टेकडीवर हळूहळू जाऊन या.

यात तीन दिवस वाढतात. मृग ७-८ जूनला लागतो. निघायचं तेच तीन दिवस आधी निघा; बियाणं-खताची खरेदी घरच्या एखाद्यावर सोपवून जा. सोयाबीन तीन दिवस उशिरा पेरल्यानं काही बिघडत नाही, आणि पाऊस तरी कुठं मृगाला शब्द देऊन येतो.

हेलिकॉप्टरबद्दल लोक नेहमी विचारतात. हेलिकॉप्टरनं गेलं की चालायचा त्रास वाचतो, उंचीचा नाही. उलट शरीराला चढणीचे आठ-दहा तासही मिळत नाहीत. उंचीची डोकेदुखी बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होते, म्हणून दर्शन घेऊन दुपारी खाली येणारे बरेचसे सुटतात. हेलिकॉप्टरनं जाऊन वर मुक्काम करणं मात्र सगळ्यात वाईट. घोड्याचंही तसंच, वर एक भर: चालणाऱ्याच्या अंगात ऊब असते, घोड्यावरचा गारठतो. थंडीनं फुप्फुसांतला रक्तदाब वाढतो, तेव्हा घोड्यावर बसणाऱ्यांनी स्वेटर, कानटोपी, हातमोजे बसायच्या आधीच चढवावेत.

आता ओळखायचं कसं.

साधा त्रास असा असतो. उंचीवर आल्यावर डोकं दुखायला लागतं आणि सोबत मळमळ, भूक मेलेली, अंगात त्राण नसल्यासारखं किंवा चक्कर यातलं काहीतरी असतं. आपल्याकडं हे फार पटकन दुसऱ्या कशावर तरी ढकललं जातं. उन्हानं दुखतंय, गाडी लागली, पित्त झालं, रात्री झोप नाही झाली. माझा नियम असा की २५०० मीटरच्या वर डोकं दुखलं तर ते उंचीचंच धरायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. गटात कोण कसं आहे हे "बरं आहे ना?" विचारून कळत नाही. सगळे हो म्हणतात. "उलसंक डोकं दुखते, बाकी काई नाई" हे उत्तर मिळालं तरी पुष्कळ. त्यापेक्षा ताटाकडे बघा. दिवसभर चालून आलेला माणूस गरम खिचडी समोर असताना नको म्हणतो, चहाही अर्धा ठेवतो, आरतीला न जाता भिंतीकडं तोंड करून पडतो, तो आजारी आहे. तो नाही म्हणाला तरी आहे.

एवढ्यावरच असेल तर घाबरायचं कारण नाही. पॅरासिटामॉल द्या, पाणी, थोडं खाणं, ऊब आणि आराम. पण त्या माणसानं बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही, एक पायरीसुद्धा. एका दिवसात उतार पडला नाही किंवा वाढत गेलं तर खाली. रात्री श्वास काही सेकंद थांबतो आणि मग मोठा उसासा येऊन माणूस दचकून उठतो, हेही वर पुष्कळांना होतं. शेजारी झोपलेली बायको घाबरून उठवायला येते. ते बहुतेक वेळा धोक्याचं नसतं. लघवी वारंवार होत असेल तर ते चांगलंच लक्षण आहे.

जीव घेणारे प्रकार दोन: मेंदूला सूज आणि फुप्फुसात पाणी.

मेंदूला सूज आली की पहिला जातो तो तोल. माणूस न पिता झिंगल्यासारखा चालतो, बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत, एकच प्रश्न परत परत विचारतो, किंवा उगाच चिडतो, किंवा गुंगीत जातो. तपासायला यंत्र लागत नाही. धर्मशाळेच्या फरशीचा जोड बघा, सरळ रेघ मिळते. त्या रेघेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा-बारा पावलं चालायला सांगा. आधी स्वतः करून दाखवा, म्हणजे तुमच्यातला नि त्याच्यातला फरक कळेल. तो रेघ सोडत असेल, हात पसरत असेल, पडत असेल, तर हा साधा त्रास राहिलेला नाही. थंडीनं गारठलेला माणूसही असाच अडखळतो, आणि शुगरवाल्याची साखर उतरली तरी असंच दिसतं; म्हणून ऊब द्या, साखर तपासा किंवा चमचाभर साखर तोंडात द्या, पण यात वेळ घालवू नका. लगेच खाली न्यायची तयारी सुरू करा.

फुप्फुसात पाणी होणं जास्त फसवं आहे आणि उंचीवरचे जास्त मृत्यू त्यानंच होतात. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथं कमी आकसल्या तिथं दाबाखाली रक्तातलं पाणी झिरपून फुप्फुसात साठतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं, आणि आधी डोकं दुखलेलंच असेल असं नाही. सुरुवात अशी की काल बरोबरीनं चालणारा आज मागं पडतो. मग कोरडा खोकला. मग बसल्या जागी धाप.

दर्यापूरकडचे एक काका आठवतात, साठीच्या आसपासचे. दुसऱ्या रात्री धर्मशाळेत खोकत होते. गटानं आल्याचा चहा पाजला, छातीला बाम चोळला, कापराची पुडी उशाशी ठेवली. वर थंड, कोरड्या हवेनं निम्मी धर्मशाळा खोकतच असते, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. मला बोलावलं तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणाले, आणि तेही तीन तुकड्यांत म्हणाले. ओठ जांभळे. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्यांना ६४ टक्के दाखवत होतं. शेजारी झोपलेल्या त्यांच्या भावाला ८६. पाठीला कान लावला तर दोन्ही बाजूंनी चरचर ऐकू येत होती. "सकाळी पाहू" असं कोणीतरी म्हणालंच. मदत केंद्रातून ऑक्सिजन लावला आणि उजाडायच्या आत त्यांना डोलीत बसवून, आडवं न करता, पांघरुणात गुंडाळून खाली काढलं. वाटेतल्या भीमबलीच्या खाली आल्यावर ते पूर्ण वाक्यं बोलायला लागले. गौरीकुंडला पोचल्यावर त्यांनी खर्रा, म्हणजे आपली तंबाखू-सुपारी, मागितला. या आजारात वेळेवर उतरलेला माणूस इतक्या झपाट्यानं सुधारतो, आणि न उतरलेला तितक्याच झपाट्यानं जातो.

फरक ओळखायची माझी पद्धत सांगतो. माणसाला पाच मिनिटं बसू द्या आणि मग म्हणा, आपल्या गावापासून अकोल्यापर्यंत लागणारी गावं ओळीनं सांगा. नुसता खोकला असणारा खोकत खोकत सगळी सांगेल. फुप्फुसात पाणी असेल तो दोन गावांनंतर थांबून श्वास घेईल. मेंदूचा त्रास असेल तर गावांची अदलाबदल होईल. गुलाबी फेसाळ थुंकी येईपर्यंत वाट पाहायची नसते. ती फार उशिराची खूण आहे.

दोन्हींत उपाय एकच, खाली. निदान ३०० ते १००० मीटर, किंवा सुधारेपर्यंत. फुप्फुसवाल्याला चालवत नेऊ नका, चालण्याच्या श्रमानं पाणी वाढतं. डोली, कंडी (पाठीवरची टोपली), घोडा, स्ट्रेचर, जे मिळेल त्यानं, बसतं ठेवून. केदारनाथला आणि वाटेवर यात्रेच्या काळात सरकारी वैद्यकीय मदत केंद्रं असतात, उत्तराखंड पोलिसांच्या आपत्ती दलाचे जवान असतात. लाजू नका, रात्री दोनला दार वाजवा. डेक्सामेथासोन (आधी ८ मिलिग्रॅम, मग दर ६ तासांनी ४) मेंदूच्या सुजेवर आणि निफेडिपिन फुप्फुसाच्या पाण्यावर वापरतात, पण ही औषधं उतरण्याच्या जोडीला असतात, उतरण्याऐवजी नाही. निफेडिपिन बीपी पाडतं, ते गावच्या मंडळींनी आपल्या मनानं देऊ नये.

आता गोळीचा प्रश्न. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे दुकानात डायमॉक्स म्हणून मिळते ती. मूत्रपिंडांचं ते दोन-तीन दिवसांचं काम ती लवकर करून घेते, म्हणून उपयोगी. लक्षणं झाकते हा गैरसमज आहे. ती जुळवून घ्यायलाच मदत करते. मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे २५० ची अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून वर पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत किंवा उतरायला लागेपर्यंत. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा वॉटर बेचव लागतं. चोपत्यामार्गे सावकाश गेलात तर बऱ्याच जणांना तिची गरज पडणार नाही. जुनाच बेत ठेवणार असाल, किंवा कोणाला आधी उंचीवर त्रास झालेला असेल, तर मी देईन.

पण सगळ्यांना एकच गोळी वाटून टाकू नका. सल्फाच्या औषधानं कोणाच्या अंगावर मोठं रिॲक्शन आलं असेल तर नको. वारंवार मुतखडा होत असेल तर नको. आणि तुम्ही तेल्हाऱ्याचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. आपल्या भागात किडनीचं दुखणं घरोघर आहे आणि ते बरीच वर्षं कळतही नाही. निघण्याआधी साठीच्या पुढच्या सगळ्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, मगच गोळीचं ठरवू.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या लोकांना मी मुद्दाम सांगतो, कारण हिमालयातल्या ट्रेकच्या माहितीपत्रकात ती कधी नसते: सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आपल्याकडं, विशेषतः पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात, तो बराच आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल त्यानं इतक्या उंचीवर जाऊच नये. ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याला खाली आयुष्यभर काही त्रास नाही, त्यालाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक जबर दुखायला लागतं, आणि लोक म्हणतात गॅस झाला. भरतीच्या पाचही पोरांनी निघण्याआधी सिकलसेल तपासून घ्या. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. तिचं कार्ड आधीच मिळालं असेल तर ते पाहा. वाहक असाल तर मंदिरापर्यंत सावकाश, पाणी पीत, जोडीदारासोबत जाता येईल, ट्रेक मात्र विसरा.

काकूंनी आणि बीपीवाल्यांनी आपापल्या गोळ्या बंद करू नयेत. उंचीवर सुरुवातीला बीपी वाढतं, कमी होत नाही. इन्सुलिन असेल तर अंगालगत ठेवा, गोठलं की वाया गेलं. अलीकडं हार्ट अटॅक येऊन गेलेला, जिना चढताना छातीत दुखणारा, घरी ऑक्सिजन लागणारा आणि गरोदर बाई, यांनी जाऊ नये. हिमोग्लोबिन बायकांचं मुद्दाम तपासा; आपल्याकडं आठ-नऊवर शेतात निंदण करणाऱ्या बाया पुष्कळ, पण तिथं त्या आठाचा निभाव लागत नाही. निघताना छातीत सर्दी भरलेली असेल तर बरी होऊ द्या.

कापूर. त्याच्या वासानं नाकाला गार लागतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन एक टक्काही वाढत नाही. यंत्र बोटाला लावून कापूर हुंगा, तुम्हालाच दिसेल. हुंगायला माझी ना नाही, पण कापूर हुंगून "आता बरं वाटतंय" म्हणत वर चढू नका. लहान मुलांच्या हाती देऊ नका, पोटात गेला तर झटके येतात. वाटेत विकतात ते ऑक्सिजनचे छोटे डबे सलग वापरले तर काही मिनिटांत संपतात. त्याच पैशात परतीच्या घोड्याची सोय होते.

ते बोटाला लावायचं यंत्र कोरोनापासून घरोघर आहे, ते न्या. पण वर त्यात ९८ शोधू नका. केदारनाथच्या उंचीवर ८५ ते ९२ हे चालतं. गार बोटावर आणि नेलपॉलिशवर ते खोटं बोलतं. हात चोळून गरम करा आणि मिनिटभर थांबा. एकट्या आकड्यापेक्षा गटातल्या बाकीच्यांहून कोणाचा आकडा फारच खाली आहे, हे बघा. आकडा चांगला पण माणूस अडखळतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

पाण्याबद्दल थोडं. मे महिन्यात आपण पंचेचाळीस डिग्रीतून, रेल्वेच्या डब्यात भाजून निघून हरिद्वारला पोचतो, म्हणजे सुरुवातच कोरड्या अंगानं होते. गाडीत ओआरएस घ्या. वर लघवी फिकट राहील इतकं पाणी पुरे. घागरभर पाणी पिऊन उंचीचा त्रास टळत नाही. दारू आणि झोपेची गोळी नको, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो. बिडी बंद. खर्रा सुटणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान चढणीच्या दोन दिवसांत तरी सोडा, नाहीतर मळमळ उंचीची की खर्ऱ्याची हे मलाही सांगता यायचं नाही. आणि खोली उबदार करायला आत सिगडी किंवा गॅस पेटवून दारं बंद करू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूनंही डोकंच दुखतं, आणि माणूस झोपेतच जातो.

आता वासुकी ताल. ४१३५ मीटर, केदारनाथहून आठेक किलोमीटर, वन खात्याची परवानगी आणि स्थानिक गाईड लागतो, आणि मेच्या शेवटी त्या वाटेवर बर्फ असतो. वर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं जाणं मला पटत नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी वाट मोकळी असेल तर चोराबाडीच्या दिशेनं, २०१३ च्या जूनमध्ये फुटलेलं ते तळं जिथं होतं तिकडं, थोडं वर जाऊन मुक्कामाला परत या. कोणाचं डोकं दुखलं नाही, सगळे जेवले, तरच. वासुकी ताल करायचाच असेल तर सप्टेंबरमध्ये वेगळे या, केदारनाथला दोन रात्री काढा आणि मग चढा.

गटात निघण्याआधीच एक गोष्ट ठरवा: कोणाला खाली न्यायचं हे कोण सांगणार. तो गटातला वयानं सगळ्यात मोठा माणूस असू नये, कारण बऱ्याचदा आजारी तोच पडतो, आणि "एवढ्या लांब आलो, दर्शनाशिवाय कसं उतरू" म्हणणाराही तोच असतो. त्याच्यासोबत कोण उतरणार तेही आधीच ठरवा, एकटं कोणाला पाठवू नका. डोलीला लागणारी रोख रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा, वर मोबाइलनं पैसे जातीलच असं नाही.

तपासण्या निघायच्या तीन-चार आठवडे आधी करा: बीपी, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सिकलसेल, आणि साठीच्या पुढच्यांचा ईसीजी. ज्यांना डायमॉक्स द्यायचं ठरेल त्यांनी ती दोन दिवस घरीच घेऊन बघा, मुंग्या किती येतात, पुरळ उठतं का ते कळतं. रेल्वेत पहिल्यांदा सुरू करू नका. रात्रभर सगळ्या डब्याला उठवत लघवीला जावं लागेल.